बाबांचा जवळचा नंबर

आईच्या घरी सोफ्याच्या वर, बरोब्बर मधोमध, थोरलीच्या लग्नाचा कागद टांगलेला होता. सोनेरी काठाची चौकट, आत काच, आणि काचेवर कधी बोटाचा ठसा नाही. आई दर सुट्टीला स्टुलावर चढून आधी ओल्या फडक्यानं काच पुसायची, मग कोरड्या, आणि उतरल्यावर चौकट सरळ बसली ना हे मान तिरकी करून बघायची. घरी कुणी नवीन माणूस आलं की पाण्याचा पेला हातात पडायच्या आत त्याला तो कागद दाखवला जायचा.

"आमच्या थोरलीनं सगळं रीतसर केलं," आई सांगायची. "इतरांच्या पोरी बघा. बॅगा उचलल्या आणि गेल्या राहायला. आमचीनं आधी कागद केला, मग घर मांडलं."

कागदावर निळा गोल शिक्का होता, खाली तीन सह्या होत्या आणि तारीख होती. उणीव एवढीच, की तो कागद लग्नाचा नव्हता. तो भाड्याच्या घराचा करार होता, चार पानांतलं पहिलं पान. आणि तिसरी सही, जी या घरात साक्षीदाराची म्हणून ओळखली जात होती, ती घरमालकाची होती.

हे असं का केलं, याचं उत्तर थोरलीला स्वतःलाही देता आलं नसतं. कसं झालं, ते मात्र ती मिनिटामिनिटाच्या हिशेबानं सांगू शकली असती.

आईबाबा या देशात आले तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि धाकटा कडेवर होता. बाबांना हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात काम लागलं. तिथे सगळे आपल्याकडचेच, त्यामुळे बाबांची इथली भाषा "गरम आहे, हात सांभाळ" याच्यापुढे कधी सरकली नाही. आईनं घरी बसून लोकांचे कपडे उसवून-टाचून द्यायचं काम धरलं. भाषा शिकली ती थोरली. नवव्या वर्षी ती कचेरीच्या खिडकीशी टाचा उंचावून उभी राहायची आणि आतल्या बाईचं बोलणं बाबांना, बाबांचं आतल्या बाईला सांगायची. दोन्हीकडचं थोडं मऊ करून. बाबा तिला कौतुकानं वकीलबाई म्हणायचे. विजेचं पत्र, दवाखान्याचं पत्र, शाळेचं पत्र, जे येईल ते वकीलबाईंपुढे. कागदात काय लिहिलंय ते वाचणारा म्हणेल तेच असतं, ही गोष्ट तिला फार लवकर कळली. शाळेनं एकदा कळवलं, की मुलगी तासाला सारखी बोलत असते. तिनं वाचलं, की मुलगी तासाला हुशारीनं बोलते. त्या आठवड्यात तिला नवे बूट मिळाले.

चोविसाव्या वर्षी तिला फ्रीज दुरुस्त करणारा एक मुलगा आवडला. त्याचे आईवडीलही आपल्याकडूनच आलेले, म्हणून मुलाबद्दल आईची तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्याच्या बोलण्याबद्दल. त्याच्या बहिणीचं लग्न चारशे माणसांत झालं होतं आणि वर्षाच्या आत मोडलं होतं. तेव्हापासून लग्न म्हटलं की तो विषय बदलायचा. "आधी राहून बघू," तो म्हणाला. "आपल्या वयाचे सगळे तेच करतात."

"राहून बघू म्हणजे काय," आई म्हणाली, "ती काय चप्पल आहे? जायचं असेल तर जा. पण कागद नसेल तर या दारातून परत यायचं नाही."

 बाबा दाराकडे बघत राहिले, आणि ते आईच्या बोलण्यापेक्षा वाईट होतं.

मग एका दुपारी थोरली आणि तो करारावर सह्या करून सरळ आईकडे आले. खरं काय ते सांगून टाकायचं, असंच ठरवून आली होती ती. पिशवीतून कागद काढला, "आम्ही" एवढाच शब्द तोंडातून निघाला, तोवर आईला शिक्का दिसला, दोघांच्या सह्या दिसल्या, आणि आईनं तोंडाला पदर लावला. "केलंत? अगं, सांगितलं पण नाहीस." बाबा हात पुसत आले. त्यांनी कागद उजेडात धरला, तारखेवर बोट ठेवलं, कारण आकडे त्यांना येत होते, आणि म्हणाले, "वाचा, वकीलबाई."

आणि वकीलबाईंनी वाचलं. भाडेकरूंनी भिंतींना खिळे ठोकू नयेत, असं होतं तिथे तिनं वाचलं, की दोघांनी एकमेकांचं मन दुखवू नये. पाळीव प्राण्यांचं कलम आलं, तिथे मुलाबाळांबद्दल काहीतरी म्हणाली. तो शेजारी बसून मान खाली घालून हसू दाबत होता. आईला वाटलं, पोरगा लाजला.

चौकटीची हौस आईची. ती करून आणायला थोरली स्वतः गेली, आणि आत जाड पुठ्ठ्याची चांगली रुंद पट्टी बसवून घेतली, म्हणजे वरचा ठळक मथळा पट्टीखाली जाईल. उरला तो बारीक मजकूर.

पहिल्या वर्षी तिला वाटायचं, आज ना उद्या नोंदणी करू आणि गुपचूप कागद बदलू. मग एक दिवस, कामावर चष्म्याची काच घासता घासता, तिच्या लक्षात आलं, की खऱ्या कागदावर खरी तारीख असणार. आणि बाबा दरवर्षी त्या तारखेला सकाळी कामावर निघण्याआधी फोन करून म्हणायचे, "आज तुमचा दिवस." म्हणजे खोट्या कागदावरची तारीख घरादाराच्या तोंडपाठ होती, आणि खरा कागद केला तर तोच तिला खोटं पाडणार होता. त्यात मुलगी झाली, ठकी. आता तर खरी तारीख ठकीच्याही मागून आली असती.

या गोष्टीला पाच वर्षं होत आली. ठकी चौदा महिन्यांची झाली, भिंत धरून चालायला लागली, हाताला लागेल ते तोंडात घालायला लागली. आणि बाबांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी पाटी घेतली.

नियम बदलला होता. कायम राहण्याचा परवाना हवा तर इथल्या भाषेची परीक्षा द्यायची, लिहिण्या-वाचण्याची. बाबा आठवड्यातून तीन संध्याकाळी वर्गाला जायला लागले. वहीला कव्हर घातलं, पेन्सिलीला टोक काढलं. चादरींच्या वाफेनं जाड झालेल्या बोटांनी ते एकेक अक्षर असं काढायचे, की जणू ते भाजेल.

"अक्षरं येतात," ते फोनवर म्हणाले. "पण पुस्तकातली मुंग्यांसारखी दिसतात. मास्तरीणबाई म्हणाल्या, चष्मा लागेल. मी म्हटलं, आमच्या घरचीच चष्म्याची पोरगी आहे."

थोरली चष्म्याच्या दुकानात होती. नंबर काढायचा, काच कापायची, कडा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायची, सगळं तिच्याच हातचं. शनिवारी बाबा दुकानात आले ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. तिनं त्यांना उंच खुर्चीत बसवलं, नाकावर ती जड लोखंडी फ्रेम ठेवली आणि एकेक काच सरकवत गेली.

"आता?"

"मुंग्याच."

"आता?"

"मुंग्या पांगल्या जरा."

सव्वादोनची काच बसली तेव्हा बाबा खुर्चीत एकदम पुढे सरले. हातातल्या तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ त्यांनी सावकाश, अडखळत, पण चूक न करता वाचली. मग तिच्याकडे बघून हसले, आणि तिला एकदम सोफ्यावरची भिंत दिसली.

तिनं चिठ्ठीवर सव्वादोनच्या जागी प्लस एक लिहिलं. मुद्दाम लिहिलं असं म्हणावं, तर पेन थांबलं नाही. चुकून म्हणावं, तर तिनं ते दोनदा वाचून बघितलं. दोन दिवसांनी काचाही तिनंच कापल्या. बाबांनी घरी चष्मा लावून बघितला, पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं, आणि म्हणाले, "छान आहे. सवय व्हायला वेळ लागेल."

त्या दिवसापासून थोरलीच्या डोक्याला एकच भुंगा लागला. ठकीला भरवताना, ठकीच्या मुठीतून बटण काढून घेताना, ती मनात मोजत असायची. बाबांचा कुठला धडा चाललाय. 'घर' हा शब्द कधी येतो. 'भाडं' कधी येतो. शेजारच्या बाईची पोरगी घसरली की ती आधी ठकीकडे धावायची, आणि फोन वाजला की आधी तो आईचा आहे का ते बघायची. 

धाकटा दुकानात आला तो असाच एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. तो आता चोवीसचा होता, गोदामात माल उतरवायचा, अजून आईबाबांकडेच राहायचा. इथली भाषा त्याला घरच्या भाषेपेक्षा जास्त यायची. त्यामुळे सोफ्याच्या वर काय टांगलंय हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पाच वर्षं तो त्यावर फुकटची करमणूक करून घेत होता. पण आज तो हसत नव्हता.

"ताई, मला तिच्याबरोबर राहायला जायचंय," तो म्हणाला. ती म्हणजे गोदामातलीच एक मुलगी, आईवडील दुसऱ्याच कुठल्या मुलखातून आलेले. "जागा बघितलीय. आईला सांगितलं, तर तिनं भिंतीकडे बोट केलं. म्हणे, तुझ्या बहिणीसारखा आधी कागद आण."

"मग करा की लग्न."

"ताई." धाकट्यानं काउंटरवरचा एक चष्मा उचलला, लावला, काढला. "तिच्या घरी आधी मोठीचं व्हायचंय. आणि आम्हाला अजून कळू तर दे, आमचं जमतं का. तू केलंस तेच मी करायला गेलो तर मी वाया गेलेला, आणि तुझ्या भाडेकराराला आई फडकं मारते. मी किती दिवस तोंड शिवून बसू?"

"मी करते काहीतरी."

"तू पाच वर्षं काहीतरी करतेयस," तो म्हणाला, आणि जाताना दार हळू लावून गेला. आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी तिनं विषय काढला. फ्रीजवाला जमिनीवर बसून ठकीच्या खेळण्यातल्या गाडीचं चाक बसवत होता. बाप म्हणून त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. ठकीची अंघोळ तो घालायचा, कपडे तो धुवायचा, कामावरून आला की आधी हात धुवायचा.

"आपण नोंदणी करून टाकूया का?" ती म्हणाली. "मंगळवारी कचेरी उघडी असते."

तो चाकाकडेच बघत राहिला. "आता? कशाला?"

"बाबा वाचायला शिकतायत."

"मग नोंदणीनं काय होणार? कागदावर परवाची तारीख येईल. तुझ्या बाबांना तारीख वाचता येते, हे तूच सांगतेस." त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं, हाच त्याचा त्रास होता. "आणि भीती वाटली म्हणून लग्न करायचं? माझ्या ताईनं तेच केलं होतं. आपण आहोत ना एकत्र."

"करार पुढच्या महिन्यात संपतोय."

"ते बघू," तो म्हणाला. "घरमालक वाढवून देईल."

ती फरशी पुसायला उठली. फरशी सकाळीच पुसलेली होती. भांडायला तरी काही हातात लागावं, तर तेही नाही. त्याला सोडून जाते म्हणावं, तर ज्याच्याशी लग्नच झालं नाही त्याला सोडणार कसं, आणि जाणार कुठे. आईच्या दारातून आत जायचं, तर त्याच्या समोरच ती चौकट. लग्न करू म्हणावं, तर गावाच्या लेखी ते कधीच झालंय. आत जायला दार नाही आणि बाहेर पडायलाही नाही, असं हे घर तिनं स्वतःच्या तोंडानं बांधलं होतं.

परीक्षेला तीन आठवडे उरले होते, तेव्हा आईनं बोलावून घेतलं. "ह्यांनी वही कपाटावर टाकलीय. तू समजाव. माझं ऐकत नाहीत."

बाबा खिडकीशी बसले होते. कपाळाला रुमाल बांधलेला. ठकी त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, तरी त्यांनी तिला उचललं नाही.

"नाही जमत, वकीलबाई," ते म्हणाले. "अर्धा तास वाचलं की डोकं ठणकतं. आजूबाजूला सगळी पोरं, घडाघडा वाचतात. मी एका ओळीत घाम गाळतो. या वयात डोकं चालत नाही माणसाचं. जाऊ दे. दरवर्षी शिक्का मारून घेत जाऊ, आहे तसं."

"आणि एखाद्या वर्षी नाही मारला तर?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. 

 बाबा अडले, तर कागद बचावला. इतके दिवस ती ज्याची वाट बघत होती, ते हेच होतं. ते असं रुमाल बांधून समोर बसलेलं असेल, हे तिनं धरलं नव्हतं.

"एक गंमत झाली मात्र," बाबा म्हणाले. "काल मास्तरीणबाईंनी त्यांचा चष्मा मला लावून बघायला दिला. आणि सगळं लख्ख. पान असं वर आलं. मी आख्खा परिच्छेद वाचला. पोरांनी टाळ्या वाजवल्या."

"मग?" थोरलीनं विचारलं. तिचा आवाज तिलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

"मग काय. परत द्यावा लागला. त्या म्हणाल्या, तुमच्या चष्म्याचा नंबर चुकलाय. मी म्हटलं, ते शक्य नाही, माझ्या पोरीनं काढलाय. तुमच्या मशीनमध्ये काही बिघाड असेल, नाही का? मशीनच ते. तू मालकाला सांग, पण जपून सांग. तुझ्यावर यायला नको."

ठकीनं जमिनीवरून काहीतरी उचललं होतं. थोरलीनं वाकून तिच्या तोंडात बोट घातलं, दोऱ्याचा गुंडा बाहेर काढला, आणि ते करताना मान खालीच राहू दिली. ती बराच वेळ वाकलेली होती.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी ती आत शिरली. प्लस सव्वादोन. यावेळी चिठ्ठी लिहिलीच नाही, नंबर डोक्यात होता. मशीननं काच घासताना जो बारीक चिरका आवाज येतो, तो तिला एरवी ऐकू यायचा नाही. आज दातांत घुसत होता. कडा गुळगुळीत केल्या, फ्रेममध्ये बसवल्या, मऊ कापडानं पुसल्या. पुसताना तिला आई आठवली, स्टुलावरची.

सुट्टीच्या दिवशी ती ठकीला घेऊन आईकडे गेली. फ्रीजवाल्याला कुणाच्या तरी दुकानातला मोठा फ्रीज बंद पडल्याचा फोन आला होता. धाकटा घरी होता, मोबाइलमध्ये डोकं घालून दाराशी बसलेला. बाबांनी चष्मा लावला आणि आधी ठकीकडे बघितलं.

"हिला भुवया आहेत होय," ते म्हणाले.

मग त्यांनी कपाटावरून पुस्तक काढलं. एक पान वाचलं, दुसरं वाचलं. बोट ओळीखालून सरकत होतं, ओठ हलत होते, आणि मध्येच ते बोट उचलून तसंच वाचायला लागले. आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली. नवऱ्याला असं सलग वाचताना ती जन्मात पहिल्यांदा बघत होती.

"चष्म्याचाच घोळ होता सगळा," ती म्हणाली. "उगीच स्वतःच्या डोक्याला दोष देत होते." मग तिची नजर वर गेली. "आता तो वाचून दाखवा. पाच वर्षं नुसता पुसतेय मी. आपल्या माणसाच्या तोंडून एकदा ऐकू दे."

धाकट्यानं मोबाइलमधून मान वर केली. थोरलीनं ठकीला उचलून घेतलं, गरजेपेक्षा घट्ट, ठकी कुरकुरली. काहीतरी बोलावं, चौकट पडेल म्हणावं, ठकीला ताप आहे म्हणावं, असं बरंच काही मनात आलं.  पण वकीलबाईंचं तोंड आयुष्यात पहिल्यांदा बंद राहिलं.

बाबांनी चौकट काढून मांडीवर घेतली. काचेवर बोट ठेवलं. पहिली ओळ सावकाश गेली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर बोट थांबलं, मागे आलं, परत तिथवर गेलं, परत थांबलं. 

"अडलं का?" आईनं विचारलं.

"अडलं नाही," बाबा म्हणाले. "अक्षर बारीक आहे."

त्यांनी खालपर्यंत वाचलं. मनात, सगळं, एक ओळ न गाळता. मग चष्मा नाकावर सारखा केला आणि मोठ्यानं सुरुवात केली. आवाज वर्गात काढतात तसा, एकेक शब्द सुटा. "या दोघांनी. आजच्या तारखेपासून. एका घरात राहायचं." थांबले. "घर नीट ठेवायचं. शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही. भिंतींना खिळे ठोकायचे नाहीत."

"खिळे?" आई हसली. "लग्नाच्या कागदात खिळे कशाला?"

"इथली रीत असेल," बाबा म्हणाले.

ते उठले, सोफ्यावर चढले आणि चौकट जागच्या जागी लावली. त्यांच्या बोटाचा मोठा ठसा काचेवर उमटला होता. आईनं लगेच पदरानं पुसून टाकला आणि ती समाधानानं आत गेली.

बाबा गॅलरीत गेले. दोरीवर चादर वाळत होती. "ये, घडी घालू," ते म्हणाले. लहानपणापासून बापलेकीचं हे काम. तिनं ठकीला धाकट्याकडे दिलं. दोन टोकं त्यांच्याकडे, दोन तिच्याकडे. कारखान्यात शिकलेली घडी. ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकांजवळ यायचं आणि टोकाला टोक भिडवायचं.

पहिल्यांदा जवळ आले तेव्हा बाबा हळू आवाजात म्हणाले, "पाच वर्षं लिहिलंय त्यात."

"हो."

ते मागे गेले. चादर ताणली. परत जवळ आले.

"म्हणजे पुढच्या महिन्यात."

"हो, बाबा."

परत मागे. आता चादर अर्धी झाली होती, अंतरही अर्धं. तिसऱ्यांदा जवळ आले तेव्हा त्यांनी तिच्या हातातली टोकं घेतली, पण लगेच वळले नाहीत. चष्म्यातून त्यांचे डोळे मोठे दिसत होते. सव्वादोन नंबरला दिसतात तेवढेच.

"मशीन चांगलंच आहे म्हणजे," ते म्हणाले.

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिलाही कळलं नाही. रडायला आलं असतं तर सोपं होतं, पण तेही आलं नाही. बाबांनी चादरीची घडी छातीशी धरली, वरून हात फिरवून सुरकुती मोडली.

"तुझ्या आईला वर्गाला यायचंय," ते म्हणाले. "परवापासून मागे लागलीय. तिला सांगतो, जागा भरल्या." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पुढच्या महिन्यानंतर काय?"

"माहीत नाही."

"तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो, बघू."

 तिला वाटलं, आता बाबा दाराकडे बघतील, पाच वर्षांपूर्वी बघितलं तसं. त्यांनी नाही बघितलं. तेवढं केलं असतं तर निदान ती त्या दारातून बाहेर तरी पडली असती. त्यांनी फक्त घडी तिच्या हातात दिली आणि आत निघाले, आणि तिच्या ध्यानात आलं, की आता हा कागद खोटा वाचून दाखवणारी दोन माणसं झाली. आईला आतापासून कधी खरं सांगता यायचं नाही, कारण ते म्हणजे बाबांचंही खोटं उघडं करणं.

आत आई भिंतीसमोर उभी होती. हातानं माप घेत होती. चौकटीच्या कडेपासून एक वीत, मग आणखी चार बोटं.

"इथे," ती म्हणाली. "धाकट्याचा कागद आला की इथे लावू. दोन्ही एका उंचीला हवेत. आजच खिळा मारून ठेवा, म्हणजे याच्याही डोळ्यांसमोर राहील."

धाकटा ठकीला मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं आधी बाबांकडे बघितलं, मग बाबांच्या चष्म्याकडे, आणि त्याला काय समजायचं ते समजलं. मग त्यानं थोरलीकडे बघितलं. ती काही बोलेल, आता तरी, म्हणून तो बघतच राहिला. ठकी त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घालायच्या बेतात होती. थोरलीनं पुढे होऊन तिची मूठ सोडवली.

"ऐकलंत का?" आई म्हणाली. "खिळा."

बाबांनी चष्मा काढला, काड्या मिटल्या, खिशात ठेवला, आणि हातोडी कुठे आहे म्हणून विचारलं.